ट्रीटी ऑफ बॅसीन आणि आमची आयव्ही

शाळेत हिस्ट्रीच्या पेपरात एक प्रश्न हमखास असायचा. ‘ट्रीटी ऑफ बॅसीन’वर टीप लिहा. मी घोकलेलं सगळं उतरवून मोकळी व्हायचे. दुसरा बाजीराव, इंग्रजांची तैनाती फौज, तारीख ३१ डिसेंबर १८०२ (थर्टीफर्स्ट म्हणून लक्षात राहायची!), मराठेशाहीच्या शेवटाची सुरुवात. मार्क चांगले पडायचे. पण हे बॅसीन नेमकं कुठे आहे असं कुणी विचारलं असतं तर ‘फ्रान्समध्ये असेल कुठेतरी’ असं मी बिनधास्त ठोकून दिलं असतं.

आमचं घर जेसल पार्कला, भाईंदर पूर्वेत. चौपाटी चालत पाच मिनिटांवर. समोर खाडी आणि खाडीपलीकडे वसई. बॅसीन म्हणजे वसई, हे मला बारावी झाल्यावर कळलं. तेही लोकलमध्ये, शेजारी बसलेल्या एका आजोबांकडून. मी ‘अच्छा, तेच का हे!’ म्हणाले तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती अजून आठवते.

आता तुम्ही म्हणाल, ही बाई इंजिनीअरिंगच्या मॅगझिनमध्ये इतिहास का उगाळतेय? कारण आहे. थर्ड इयर सिव्हिलची आयव्ही ठरतेय आणि नोटीस बोर्डावर नेहमीप्रमाणे ‘गोवा’ लागलंय. माझं म्हणणं आहे की ती वसईला जावी. का, ते सांगण्यासाठी हा लेख. मराठी विभागाच्या संपादकांनी ‘कॉन्व्हेंटची असलीस तरी लिही, र्‍हस्व-दीर्घ आम्ही बघू’ असा शब्द दिलाय, तेव्हा चुका त्यांच्या माथी.

आधी आयव्हीबद्दल खरं बोलूया, स्टाफ वाचत असला तरी. इंडस्ट्रियल व्हिजिट म्हणजे अडीच तास फॅक्टरी आणि साडेतीन दिवस बीच. फॅक्टरीत हेल्मेट घालून ग्रुप फोटो, चहा, वेफर, सर्टिफिकेट. रिपोर्ट मागच्या बॅचचा, तारीख तेवढी बदललेली. याला टुरिझमच्या भाषेत बिझनेस टुरिझम म्हणतात हे मला अलीकडेच कळलं. कामासाठी जायचं आणि जाता जाता फिरायचं. आपण जाता जाता काम करतो, एवढाच फरक.

आता वसई. किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रायगड, सिंहगड येतो. वर चढायचं, दमायचं, पिठलं-भाकरी खायची. वसईचा किल्ला तसा नाहीच. ते तटाच्या आत बसवलेलं एक अख्खं शहर होतं. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई पोर्तुगीजांना दिली आणि पुढची दोनशे वर्षं इथे त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताची राजधानी होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, एकेका पंथाचं आपापलं चर्च नि मठ. जेझुइटांचं कॉलेजसुद्धा होतं. घरं, चौक, रस्ते, बंदराकडे उघडणारा दरवाजा. थोडक्यात, दक्षिण युरोपातलं एक शहर उचलून आपल्या नारळी-ताडांच्या मध्ये आणून ठेवलं होतं. मग १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी ते घेतलं. तटाला सुरुंग लावून, माणसांची प्रचंड किंमत मोजून. आज आत गेलात तर छप्पर नसलेली चर्च दिसतात. भिंती उभ्या, कमानी उभ्या, वर मोकळं आभाळ आणि फरशीत पोर्तुगीज अक्षरं कोरलेले थडग्यांचे दगड.

मला हे सगळं एवढं नीट कधी दिसलं? अपराध केल्यावर.

मागच्या जानेवारीत हॉस्टेलमधले आम्ही सात जण माझ्या घरी आलो होतो. आईने रविवारी सकाळी पोहे खायला घालून बाहेर काढलं. भाईंदर पश्चिमेच्या जेट्टीवरून रो-रो बोट वसईला जाते, फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रस्त्याने घोडबंदरवरून पस्तीसेक किलोमीटरचा वळसा पडतो, पाण्यातून जेमतेम साडेतीन. बोटीत बाइक, रिक्षा, भाजीच्या पाट्या, लग्नाचं वऱ्हाड. मला आमची खाडी पहिल्यांदा खाडीच्या मधून दिसली. वीस वर्षं तिच्या काठावर राहून!

किल्ल्यात त्या दिवशी चार प्री-वेडिंग शूट चालू होते. मोजले. एका चर्चच्या कमानीखाली लाल गाऊनमधली नवरी, दुसरीकडे धुराचे डबे. आम्ही रील काढले. मग आमच्यातल्या एकाने (नाव सांगणार नाही, त्याचं प्लेसमेंट व्हायचंय) किल्लीने भिंतीच्या गिलाव्यावर ब्रँच आणि बॅच कोरली. मी अडवलं नाही. मी फोटो काढत होते. खोटं कशाला, मला ते भारी वाटत होतं.

मागून आवाज आला, “काय गो बाय, घरच्या भिंतीवर पण असंच लिवतेस काय?”

डोक्यावर रिकामी पाटी घेतलेली एक कोळीण होती, साठीची तरी. गळ्यात क्रॉस. किल्ल्याच्या मधून जो डांबरी रस्ता जातो तो किल्लाबंदरला, कोळ्यांच्या गावात. आमच्यासाठी ते लोकेशन होतं, तिच्यासाठी घरी जायचा रस्ता. आणि मी काय केलं असेल? गळ्यातला क्रॉस बघून तिच्याशी इंग्लिश-मिश्रित हिंदीत बोलायला लागले. “सॉरी आंटी, हम लोग…” ती म्हणाली, “मराठीत बोल ना. मराठी येत नाय काय तुला?”

मित्रांनो, शाळेत मराठी बोललं की आम्हाला शब्दाला दोन रुपये दंड होता. ख्रिस्ती शाळा म्हणजे इंग्लिश, हे माझ्या डोक्यात तेव्हापासून पक्कं बसलेलं. आणि खाडीच्या त्या बाजूला ख्रिस्ती लोक चर्चमध्ये मिस्सासुद्धा मराठीत करतात, घरात कादोडीसारखी स्वतःची बोली बोलतात. वसईचेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले, तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या किती जणांना ते कोण हे ठाऊक होतं? मला नव्हतं. हा प्रदेश बघायला मी चाळीस वेळा नायगाव आणि वसई रोड स्टेशनातून पुढे विरारला गेलेय, मावशीकडे.

त्या बाईंनी आम्हाला फार काही सुनावलं नाही. “सणाला या, तेव्हा बघा किल्ला,” एवढं म्हणून चालत्या झाल्या. कुठला सण विचारायचंही सुचलं नाही. नंतर कळलं. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया नावाचा माणूस व्यापार करत जपानला गेला, पुढे मनिलाला संन्यासी झाला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रूसावर चढवला गेला. १८६२ मध्ये तो संत ठरला. भारतात जन्मलेला पहिला संत. त्याच्या सणाला किल्ल्यातल्या त्या बिनछपराच्या चर्चमध्ये अजून माणसं जमतात. म्हणजे ज्याला आम्ही ‘रुइन्स’ म्हणून कॅप्शन टाकत होतो, ते वर्षातून एकदा तरी चालू असलेलं चर्च आहे!

त्या कोरलेल्या अक्षरांनी मला सेमिनारचा विषय दिला. जुनी चुन्याची बांधकामं. वाचता वाचता लिस्बनला पोहोचले आणि तिथेच अडकले. कारण लिस्बनमध्येही बरोबर असंच एक चर्च आहे. कार्मो. १ नोव्हेंबर १७५५ ला तिथे प्रचंड भूकंप झाला, छप्पर कोसळलं. ते पुन्हा कधीच पूर्ण बांधलं नाही. कमानी तशाच आभाळाखाली ठेवल्या आणि १८६४ पासून तिथे म्युझियम आहे. लोक तिकीट काढून ते ‘नसलेलं छप्पर’ बघायला जातात. (सिव्हिलवाल्यांसाठी : त्याच भूकंपानंतर तिथे भिंतींच्या आत लाकडी सांगाड्याचा पिंजरा घालून घरं बांधली. त्याला ते ‘गायोला’, म्हणजे पिंजराच म्हणतात. मॉडेलभोवती सैनिकांना पाय आपटत चालवून त्याची टेस्ट घेतली असं सांगतात. शेक टेबलचा आद्य अवतार!)

पण लिस्बन नुसत्या पडक्या भिंतींवर चालत नाही, हा माझा मुद्दा आहे. १२ जूनच्या रात्री तिथे संत अँथनीचा सण असतो. आल्फामा नावाच्या जुन्या वस्तीतल्या चिंचोळ्या गल्ल्यांत लोक घराबाहेर शेगड्या मांडून तारल्या भाजतात, मोहल्ल्यामोहल्ल्यांची मिरवणूक निघते आणि त्याच सुमाराला नगरपालिका काही जोडप्यांची सामूहिक लग्नं लावून देते. गंमत बघा, आपल्या वसईच्या किल्ल्यातलं फ्रान्सिस्कनांचं चर्चही याच संत अँथनीचं. तिथे पालिका लग्न लावते, इथे आपण प्री-वेडिंग लावतो. अर्थात १३ जूनला आपल्याकडे धो-धो पाऊस आणि मासेमारी बंद, त्यामुळे तारल्यांचा बेत जमायचा नाही. पण नाताळ आहे ना! डिसेंबरात वसईच्या गावागावांत पोरं रात्र रात्र जागून गोठे बनवतात, गवताचे, मातीचे, पाणी खेळवलेले, आणि लोक ते बघत गावं पालथी घालतात. बघायला सगळे. गणपतीची आरास बघायला जातो तसेच. वसईची सुकेळी, मैद्याचे तळलेले फुगे, हे सगळं तेव्हा खावं. आमच्या जेसल पार्कच्या चौपाटीवर विसर्जनाला जी गर्दी उसळते ती मी जन्मापासून बघतेय. सण बघायला माणूस लांबून येतो हे आम्हाला कुणी शिकवायला नको. फक्त गर्दी गेल्यावर काठावर काय उरतं, तेही आम्ही बघतो.

आणि तिसरी गोष्ट, धंदा. १९९८ मध्ये लिस्बनने नदीकाठच्या मोडकळीला आलेल्या औद्योगिक भागात जागतिक प्रदर्शन भरवलं आणि तो भाग नव्याने उभा केला. तिथेच २०१६ पासून दर नोव्हेंबरात वेब समिट भरते. अलीकडे सत्तर हजारांच्या आसपास माणसं येतात. टाय लावून येतात, संध्याकाळी आल्फामाच्या गल्लीत मासे खातात.

आता आमचे बाबा. ते भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात आहेत. बाहेरगावचे व्यापारी माल बघायला येतात, कधी राजस्थानातून, कधी आणखी कुठून. दुपारी काम संपतं, गाडी रात्रीची. ते विचारतात, “यहाँ देखने का क्या है?” पूर्वी बाबा एस्सेलवर्ल्ड सांगायचे. २०२२ पासून तेही बंद. आता सांगतात, “मॉल है.” खाडीपलीकडे वालीव, गोखिवरेला शेकडो छोटे कारखाने, तिथेही हीच कथा असणार. चारशे वर्षांपूर्वीच्या शहराच्या दारात बसून आम्ही पाहुण्याला मॉल दाखवतो! याच बाबांना मी गेल्या दिवाळीत किल्ल्यात घेऊन गेले. पन्नाशीच्या माणसाने पहिल्यांदा किल्ला बघितला. चर्चच्या गोल जिन्याशी उभे राहून म्हणाले, “हे आपल्या एवढ्या जवळ होतं?”

मला माहीत आहे, काही जणांचा आक्षेप येणार. हॉस्टेलच्या मेसमध्ये तो ऑलरेडी आलाय. पोर्तुगीजांचं कौतुक कशाला? त्यांनी देवळं पाडली, धर्म बदलायला लावले. बरोबर आहे, ते सांगायलाच पाहिजे, आणि तिथल्या तिथे उभं राहून सांगायला पाहिजे. चिमाजी अप्पांचं नाव घेताना माझीही मान वर होते. पण विजय किती मोठा होता हे कळायला, जिंकलेलं शहर किती मोठं होतं ते दिसायला नको का? मोहिमेनंतर मराठ्यांनी इथल्या चर्चच्या घंटा काढून नेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळावरची ती प्रसिद्ध घंटा, भीमाशंकरच्या देवळापुढची घंटा, या तिथल्याच. आज त्या देवळात वाजतात. यात काय चूक, काय बरोबर, हे मला एका वाक्यात सांगता येत नाही. पण हे सगळं एका दिवसात, एका रस्त्यावर समजावून देणारा माणूस त्या किल्ल्यात असावा आणि तो किल्लाबंदरच्या त्या बाईंचा नातू किंवा नात असावी, असं मला फार वाटतं. त्या दिवशी आम्ही फोटोग्राफरच्या ड्रोनला वाट करून दिली. गाइड एकही भेटला नाही.

दुसरा आक्षेप मला स्वतःलाच आहे. लिस्बनची एक काळी बाजूही वाचली. आल्फामात इतके पर्यटक आले की घरमालकांनी घरं रात्रीच्या भाड्याने द्यायला सुरुवात केली आणि ज्यांच्या शेगड्यांमुळे तो सण होता तीच कुटुंबं बाहेर फेकली गेली. आता तिथे पाहुण्याकडून दर रात्रीचा टॅक्स घेतात, सप्टेंबर २०२४ पासून माणशी चार युरो. पण गेलेलं माणूस टॅक्सने परत येतं का? वसईत हे झालेलं मला नकोय. बंदराजवळ रिसॉर्ट आणि कोळीवाड्यात ‘कोळी थीम नाइट’, याची मला आत्ताच भीती वाटते. म्हणून मी म्हणते की आधी सण आणि काम यांच्या वाटेने माणसं यावीत, राहणाऱ्यांच्या हातून पैसा फिरावा. बोट, रिक्षा, खानावळ, गाइड. हॉटेलं नंतर. किंवा नकोतच, भाईंदर साडेतीन किलोमीटरवर आहे.

तर आयव्ही. गोव्यात आपण काय बघणार? जुन्या गोव्यातलं बॉम जेझूस चर्च, सगळ्या बॅच बघतात. त्याच्या दर्शनी भागातला काळा दगड माहीत आहे कुठून गेला? वसईहून! पोर्तुगीजांनी तो जहाजात भरून नेला. म्हणजे आपण बाराशे रुपये जास्त भरून, रात्रभर बसमध्ये उलट्या काढून, वसईचा दगड बघायला गोव्याला जाणार. खाणीच्या गावाला कुणी जायचं मग?

आणि वसईत सिव्हिलला काय नाही! चुन्यात बांधलेल्या भिंतीत पिंपळाचं मूळ शिरलं की सांधा कसा उघडतो, ते डोळ्यासमोर दिसतं. जुन्या दगडाला सिमेंटने डागडुजी का करू नये, हे पुस्तकात चार ओळींत आहे. सिमेंट कडक, त्यातून ओल बाहेर पडत नाही, खारं पाणी दगडातच कोंडतं आणि मग दगडाचेच पापुद्रे सुटतात. चुना मऊ, श्वास घेतो, फुटला तर स्वतः फुटतो आणि दगडाला वाचवतो. समुद्रकाठच्या किल्ल्यात हे हाताने चाचपून बघता येतं. दुसऱ्या दिवशी वालीवला एखादा कारखाना, खराखुरा, अडीच तासांपेक्षा जास्त. मेकॅनिकलवाल्यांना भांड्यांचं डीप ड्रॉइंग बघायचं असेल तर बाबांना विचारते. तिसऱ्या दिवशी बोटीने परत.

आणखी एक काम आहे तिथे. ती कोरलेली अक्षरं. पुरातत्त्वाच्या कायद्याने त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतो, हे मी नंतर वाचलं. घासून काढायला जाऊ नका, घासलं की गिलावा आणखी जातो, तेही नंतरच वाचलं. दिवाळीत बाबांना घेऊन गेले तेव्हा अक्षरं तशीच होती. बाबांनी वाचली. “तुमच्या कॉलेजचीच पोरं दिसतात,” म्हणाले. मी गप्प बसले.

एचओडी सरांना भेटून आले आहे. ते म्हणाले, वर्गातल्या साठापैकी चाळीस सह्या आणा, मग बघू. काल रात्रीपर्यंत तेवीस झाल्यात. कागद लेडीज हॉस्टेलच्या मेसमध्ये, पाण्याच्या कूलरशेजारी लावलाय. बॉइज हॉस्टेलचा कागद मात्र कुणीतरी दोनदा फाडला, तिसरा रेक्टर सरांच्या केबिनबाहेर आहे. शेवटची तारीख येता शुक्रवार.